एक ठोका, दोन ठोके

मी ड्रम वाजवते. हे आधीच सांगून टाकते, कारण बाई ड्रम वाजवते म्हटलं की लोक पहिल्यांदा माझे दंड बघतात आणि मग बोलायला लागतात. बघा बापडे. वीस वर्षं मी आमच्या रॉक बँडमध्ये दोन गाणाऱ्यांच्या मागे बसते आहे. डावीकडची पाठ माझ्या धाकट्या भावाची, उजवीकडची माझ्या नवऱ्याची. जगाला त्यांची तोंडं माहीत आहेत, मला पाठी. आज कोणाचा गळा लागणार नाही, हे त्याने तोंड उघडायच्या आधी मला त्याच्या खांद्यांवरून कळतं.

भावाला सगळे बारक्या म्हणतात आणि नवऱ्याला लंबू. आता बारक्याचं पोट सुटलंय आणि लंबूला पाठीत बाक आलाय, पण चिकटलेली नावं चिकटली. दोघं एकमेकांचे जिवलग, माझं लग्न व्हायच्याही आधीपासूनचे. भांडण झालं की मात्र बारक्या त्याला एकदम ‘दाजी’ म्हणायचा आणि लंबू त्याला ‘मेहुणे’. घरात दाजी-मेहुणे सुरू झालं की मी समजून जायची, आज जेवण गार होणार.

गेले आठ महिने तेही बंद होतं. दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते.

त्याचं कारण जिन्यातलं गाणं. गाण्याचं छापील नाव वेगळं आहे, पण ते आम्ही स्टुडिओच्या जिन्यात रेकॉर्ड केलं, म्हणून आमच्यात ते जिन्यातलंच. त्यात ड्रम नाहीत, काही नाही. एक गिटार आणि एक आवाज. हळू, जवळजवळ कुजबुजत म्हणायचं, आणि तिसऱ्या कडव्यात आवाज एकदम वर चढतो. ते लंबूचं गाणं. दुकानात, टॅक्सीत, कुठेही ते लागलं की लोक वळून लंबूकडे बघतात. आमचं त्याच्याइतकं दुसरं काहीच गाजलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी एका मोठ्या मैदानावर त्या तिसऱ्या कडव्यात लंबूचा आवाज फाटला. घशात गाठी झाल्यात, ताण देऊ नका, असं डॉक्टरने त्याला दोनदा बजावलं होतं. पण ऐकेल तर शपथ. रेकॉर्डवर मीच गायलोय ना, मग आता का येत नाही, असं म्हणत वर्षानुवर्षं रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून तो ती एक जागा घोकायचा, आणि बाहेर यायचा तेव्हा डोळे लाल झालेले असायचे. तर त्या दिवशी आवाज फाटला आणि बारक्याने पटकन पुढची ओळ उचलली. त्याला सावरायला, दुसरं काही नाही. ती जागा त्याने अशी घेतली की लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. मी मागे बसले होते, माझ्या हातातली काठी गळून पडली. लंबूने माईक जमिनीवर आपटला आणि तो चालता झाला.

माझं गाणं चोरलं, असं लंबूचं म्हणणं. लाज राखली तर वर मलाच चोर ठरवतो, असं बारक्याचं. दोघांनाही आपापल्या जागी भरपूर राग होता आणि मधल्या मध्ये मी पोस्टमन झाले. ह्याचा निरोप त्याला, त्याचा टोमणा ह्याला.

शेवटी दोघांनी माझ्यामार्फतच एक वेडगळ करार केला. रेडिओवर रविवारी सकाळी श्रोत्यांनी निवडलेली आमची अकरा गाणी लागणार होती, अकराव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत. गाणं संपलं की दोन्ही गायकांची तुलना, गप्पा वगैरे. त्या अकरांत ज्याची गाणी जास्त, बँड त्याचा. दुसऱ्याने मुकाट्याने बाजूला व्हायचं. मी दोघांचीही खरडपट्टी काढली, गाणी काय निवडणुकीला उभी आहेत का म्हणून विचारलं. पण दोघांच्याही अंगात एकच भूत शिरलं होतं. ठरलं ते ठरलं.

बारक्याला एका प्रवासी जहाजावर गायची नोकरी सांगून आली होती. वर्षातले अकरा महिने पाण्यावर. हरलो तर मंगळवारी निघणार, असं त्याने मला सांगितलं, आणि त्याच्या दाराशी भरलेली बॅग मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आईवडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि मी बावीसची. त्याच्या तापात उशाशी मी बसले, त्याला पहिली गिटार मी आणून दिली, त्याच्यासाठीच मी ड्रम शिकले, कारण बँड काढायचा म्हणून तो हटून बसला आणि ड्रमवर बसायला कोणी मिळेना. त्याला असा घालवायचा म्हणजे माझ्या जिवाचा तुकडा तोडून द्यायचा होता.

आणि पहिल्या क्रमांकावर कोणतं गाणं येणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. जिन्यातलं. ते लंबूच्या नावावर. म्हणजे बारक्याला उरलेल्या दहांतली सहा हवी होती.

आता खरं सांगते. जिन्यातलं गाणं लंबूने गायलेलंच नाही. ते बारक्याने गायलंय. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक आमचं रेकॉर्डिंग करणारा मास्तर, तो चार वर्षांपूर्वी वारला. दुसरी मी.

आमची एक पद्धत होती. सुरुवातीला कोणतं गाणं कोणी गायचं यावरून इतकी डोकेफोड व्हायची की शेवटी मास्तरनेच तोडगा काढला. प्रत्येक गाणं दोघांनी गायचं, वेगवेगळं, आणि मी त्या वेळी खोलीबाहेर. गाणं सुरू व्हायच्या आधी मास्तर आपल्या माईकवर पेन्सिल ठोकायचा. एक ठोका म्हणजे बारक्या, दोन ठोके म्हणजे लंबू. मग मला आत बोलवायचं, ठोके टाळून नुसती गाणी ऐकवायची, आणि मी एक निवडायचं. मग सगळ्यांसमोर रीळ मागे फिरवून ठोके ऐकायचे. एक की दोन. न निवडलेलं मास्तर तिथल्या तिथे पुसून टाकायचा, पुन्हा उगाळत बसायला नको म्हणून. माझा शब्द शेवटचा, त्यावर कोणी हूं की चूं करायचं नाही.

आवाज कोणाचा हे मला कळत नाही, असं सगळे धरून चालले होते. खोटं आहे ते. मला दर वेळी कळायचं. दोघं एकाच खोलीत सहा वर्षं राहिलेले, एकमेकांच्या लकबी उचललेल्या, परका माणूस फसेल. पण माझ्या ड्रमच्या ठोक्याला फसवता येत नाही. बारक्या ठोक्याच्या केसभर आधी येतो, त्याला घाईच असते, जेवतानाही असते. लंबू केसभर मागून येतो, सगळे आले का बघून मग दार लावणाऱ्या माणसासारखा. बारक्याची गाणी लोकांना उठवतात, लंबूची बसवतात. दोन्ही लागतात. तर मला कळायचं, पण निवडताना मी कधी लबाडी केली नाही. जे चांगलं ते चांगलं.

सोळा वर्षांपूर्वीच्या आमच्या पहिल्या रेकॉर्डवर नऊ गाणी होती. आठ निवडून झाली आणि आठही वेळा एकच ठोका निघाला. आठही बारक्याची. नववं गाणं गाऊन झाल्यावर लंबूने गिटार पिशवीत घातली आणि खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला. हेही माझं नसेल तर मी इथून थेट स्टेशनवर जातो, एवढं तो मास्तरला सांगून गेला. बारक्या त्याची समजूत काढायला मागोमाग धावला. वर मी आणि मास्तर, दोघंच.

मास्तरने मला नववं ऐकवलं, दोघांचंही. जिन्यातलं. त्यात ड्रम नव्हते, कुजबुजीत सगळे सारखेच वाटतात, आणि जिन्याचा घुमारा वेगळाच. पहिल्यांदाच मला कोणाचा आवाज कोणता ते कळेना. पण त्यातलं दुसरं तिसऱ्या कडव्यात वर चढलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हे, मी म्हटलं. मास्तरने रीळ मागे फिरवलं. मी मनात दुसऱ्या ठोक्यासाठी पदर पसरला होता.

एकच ठोका आला.

मी खिडकी उघडली. तिसरा मजला. खाली लंबू पिशवी खांद्याला लावून वर बघत होता. माझं त्याच्यावर प्रेम होतं, हे त्याला माहीत होतं, बारक्यालाही माहीत होतं, आणि तो स्टेशनवर गेला असता तर परत आला नसता हे मला माहीत होतं. मी हात बाहेर काढला आणि दोन बोटं दाखवली. त्याने पिशवी खाली ठेवली. बारक्याने त्याला मिठी मारली, आनंदाने, आपलं गाणं गेलं म्हणून नव्हे तर मित्र राहिला म्हणून. मी मागे वळले तर मास्तर पेन्सिलीला टोक करत होता. कान तुझे, मर्जी तुझी, एवढंच म्हणाला, आणि लंबूचं खरंखुरं गाणं त्याने पुसून टाकलं.

पुढे लंबूला बळ आलं. पुढच्या रेकॉर्डवरची त्याची गाणी त्याचीच, दोन ठोके वाजवून निवडलेली. त्यामुळे सोळा वर्षं मी स्वतःला सांगत आले की एका खोट्याने कोणाचं काही बिघडलं नाही.

त्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते जुनं रीळ आणि ब्लेड घेऊन बसले होते. रेडिओवरच्या बाईने फोन करून सांगितलं होतं की मूळ रीळ घेऊन या, आम्हाला श्रोत्यांना नुसता आवाज ऐकवायचाय, गिटार, घुमारा काही नको. आवाज मास्तरने तोंडाजवळच्या माईकवरून वेगळ्या रिळावर घेतला होता. त्या रिळाच्या तोंडाशी तो ठोका होता. न्हाणीघरातून लंबूचा रियाज ऐकू येत होता, तीच वरची जागा, पुन्हा आणि पुन्हा, आणि प्रत्येक वेळी तिथेच खरखर. मी वीतभर फीत कापली आणि शर्टाच्या खिशात टाकली. पंधरा मिनिटांनी तो केस पुसत बाहेर आला, रीळ उचलून त्याच्याकडे प्रेमाने बघितलं आणि म्हणाला की बघू, तेव्हा मी काय खाऊन गायलो होतो ते आज कळेल. मी ब्लेड गुपचूप खणात सरकवलं.

रेडिओची खोली लहान. भिंतींना जाड गालिचे, मध्ये गोल टेबल, चार माईक, आणि काचेपलीकडे यंत्रांवर बसलेला एक चष्मेवाला तंत्रज्ञ. बारक्या आधीच येऊन बसला होता. लंबू आत आला तसा तो काचेकडे बघू लागला. मी नेहमीसारखी दोघांच्या मध्ये बसले, फक्त या वेळी मागे नव्हते, म्हणून त्यांच्या पाठी दिसेनात आणि मला अगदी आंधळ्यासारखं झालं. लाल दिवा लागला.

रेडिओवरची बाई चांगली होती, बिचारीला करारातलं काही ठाऊक नव्हतं. ती हसत हसत एकेक क्रमांक सांगत होती. अकरावं गाणं बारक्याचं. दहावं लंबूचं, नववं लंबूचं. मी टेबलाखाली बोटं मोडत होते. आठवं आणि सातवं बारक्याचं. सहावं लंबूचं. तीन-तीन. मध्येच तिने विचारलं की एका बँडमध्ये दोन मुख्य गायक म्हणजे एका म्यानात दोन तलवारी नाहीत का, आणि दोघंही एकाच वेळी बोलायला गेले आणि एकाच वेळी थांबले. मीच काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली.

पाचवं बारक्याचं लागलं. मग चौथंही. पाच-तीन. माझ्या जिवात जीव आला. आता तिसऱ्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर त्याचं एक आलं की सहा झाली, मग पहिलं कोणाचंही असो. खोटं तसंच झाकलेलं राहिलं असतं, भाऊ इथेच राहिला असता, आणि लंबूची समजूत मी कशीही काढली असती. माणूस किती चटकन हिशेब करतो ते त्या दिवशी कळलं. नवरा हरावा म्हणून मी देवाला हात जोडत होते.

तिसरं लंबूचं निघालं. पाच-चार. लंबू खुर्चीत पुढे सरकला. त्याला माहीत होतं, पहिलं त्याचंच आहे. त्याला आता फक्त एक हवं होतं. बारक्या पाण्याच्या ग्लासाभोवती बोट फिरवत होता. बाईने जाहिराती लावल्या. त्या दोन मिनिटांत चष्मेवाल्याने काचेपलीकडून मला खूण केली की रीळ चढवून ठेवलंय.

दुसरं गाणं सुरू झालं आणि मला पहिल्याच ठोक्याला कळलं. माझ्या ड्रमचाच तो ठोका. आवाज त्याच्यामागून आला, केसभर उशिरा, शांत. लंबूचं. पाच-पाच.

बारक्याने ग्लास सरकवला आणि खुर्चीत मागे टेकला. बॅग भरलेला माणूस जसा शांत होतो तसा तो शांत झाला होता.

बाई उत्साहात म्हणाली की पहिल्या क्रमांकाबद्दल सस्पेन्स ठेवण्यात अर्थच नाही, आणि आज तो नुसता आवाज आपण पहिल्यांदा ऐकणार आहोत. चष्मेवाल्याने बटण दाबलं. आधी थोडा फितीचा सर्रर आवाज, जिथे ठोका असायला हवा होता तिथे काही नाही, आणि मग ते गाणं. उघडं, घुमाऱ्याशिवाय, कानाला लागून. मी मांडीवर बोटाने ताल धरला, न धरता राहवेना. शब्द बोटाच्या आधी येत होते. प्रत्येक ओळ केसभर आधी. मला वाटलं आता बारक्या ओळखणार, आत्ता ओळखणार. तो खाली मान घालून ऐकत होता. तिसरं कडवं वर चढलं, तिथे त्याने डोळे मिटले. लंबूचे ओठ हलत होते. त्याचा हात आपोआप गळ्याकडे गेला होता.

गाणं संपलं. बाईचा आवाजही जरा बसला होता. तिने बारक्याला विचारलं, दुसरा गायक म्हणून हे ऐकताना काय वाटतं.

बारक्या माईकजवळ सरकला. मला वाटलं काहीतरी खोचक बोलेल. तो आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ लंबूकडे बघून बोलला.

“आठ महिन्यांपूर्वी मी हे गाणं याच्या तोंडून मध्येच काढून घेतलं. माझी चूक झाली. आता नुसता आवाज ऐकला, तेव्हा कळलं. हे मला कधीच जमलं नसतं. सहा गाणी त्याची, पाच माझी. मी हरलो, आणि बरोबर हरलो.”

बाईला यातलं अर्धंच कळलं, तरी तिने टाळ्या वाजवल्या. लंबूचे डोळे भरून आले. त्याने हात पुढे केला, माझ्यासमोरून, टेबलावरून, आणि बारक्याने तो धरला. तसं बघितलं तर सगळं मिटत होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची मला सोळा वर्षांची सवय होती.

पण माझ्या भावाने स्वतःचंच गाणं गायल्याबद्दल जगासमोर माफी मागितली होती आणि तो मंगळवारी निघून जाणार होता. आणि माझा नवरा सोळा वर्षं रोज सकाळी दार लावून दुसऱ्याच्या आवाजाशी झगडत स्वतःचा गळा फाडत होता. बिघडलं नव्हतं म्हणे कोणाचं काही.

मी हात उचलला आणि त्या दोघांच्या धरलेल्या हातांशेजारी टेबलावर बोटाच्या पेराने ठोकलं.

एकदा.

रेडिओ ऐकणाऱ्यांना वाटलं असेल कोणाचा तरी धक्का लागला. बाईने वर बघितलं. त्या दोघांना मात्र कळलं. दोघंही दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिले. मी हात टेबलावर सपाट ठेवला आणि हलवला नाही.

“एकच?” लंबूने विचारलं.

“एकच,” मी म्हटलं. मग खिशातून ती वीतभर फीत काढून टेबलावर ठेवली. “खिडकीतून मी दोन बोटं दाखवली होती.”

बाई हुशार होती. काहीतरी घडलंय हे ओळखून तिने झटकन दुसरं गाणं लावलं आणि लाल दिवा विझवला. बारक्याने माझ्याकडे बघितलं आणि फक्त ताई म्हणाला, तेही पुरतं नाही. लंबूने हात सोडवून घेतला. मला वाटलं उठून जाईल. तो चष्मेवाल्याला म्हणाला की ते नुसत्या आवाजाचं पुन्हा लावा, आणि टेबलावर बोटाने ताल धरून बसला. माझ्यासारखाच. पहिली ओळ आली, त्याच्या बोटाच्या आधी. दुसरी आली, आधी. चौथ्या ओळीला त्याचं बोट थांबलं. इतकी वर्षं त्याने त्या गाण्यावर कधी ताल धरलाच नव्हता, धरायचं कारणच नव्हतं. तिसरं कडवं त्याने हात मांडीवर ठेवून ऐकलं, नुसतं ऐकणाऱ्या माणसासारखं.

“मग मी इतकी वर्षं कोणासारखं गायला बघत होतो?” तो म्हणाला.

प्रश्न मला होता, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं; तू गेला असतास, मला ते सोसलं नसतं, असलं काहीतरी म्हणणार होते. त्याने हात वर केला, स्टेजवर मला थांबवायला करतो तसाच, आणि मी थांबले. मग तो बारक्याला म्हणाला, “मेहुणे, भारी गायलात. पाच माझी, सहा तुमची. मी बाजूला होतो.”

बारक्या उठला. त्याने लंबूचा कोट खुर्चीवरून काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला, जोरात, रागानेच.

“गप बसा, दाजी,” तो म्हणाला. “बाजूला झालात तर मी त्या जहाजावर तुम्हाला पाठवीन. चला, आधी त्या डॉक्टरकडे.”

दोघं दाराकडे गेले. बारक्याने दार धरलं, लंबू वाकून बाहेर पडला, आणि बारक्यानेही मागे वळून बघितलं नाही. बाहेर जिना होता. काचेपलीकडे चष्मेवाला रीळ गुंडाळत होता, बाई कागद गोळा करत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. जिन्यातून दोघांचा आवाज येत होता. बारक्या ती वरची जागा गुणगुणत होता, खूप हळू, आणि म्हणत होता की वरून झडप घालू नकोस रे, खालून ये, असा, हळूच. मग लंबूचा आवाज, खरखरीत, खालून. मग पुन्हा बारक्याचा. एक मजला उतरले, दोन उतरले.

मी फीत उचलून खिशात ठेवली. पर्स घेतली, खुर्ची आत सरकवली आणि दाराशी जाऊन उभी राहिले. भांडणं कितीही झाली तरी आजवर कोणत्याही कार्यक्रमानंतर दोघांपैकी एकजण तरी खालून हाक मारायचा, ये ना लवकर, किती वेळ म्हणून. ती वीस वर्षांची सवय होती. मी जिन्याच्या तोंडाशी थांबून वाट बघितली.

खाली रस्त्याचं दार उघडलं आणि बंद झालं.